लिफ्ट केलेल्या पिकअपला टायर आणि रिम कोणत्या मापाची घ्यायची, आपल्या खान्देशातल्या रस्त्यांचा नि शेताचा हिशोब धरून

गाडी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शनने बॉडी वर उचलून घेतली, की मोठा टायर बसतोच असं सगळे सांगतात, मीही तेच धरून चाललो होतो आणि त्यात माझा एक नवा कोरा टायर गेला, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

माझी गाडी इसुझु व्ही-क्रॉस, कंपनीच्या १८ इंची रिमवाली. घरी केळी आहे, त्यामुळे गाडीला आठवड्यातून दोन-तीनदा शेतात जावंच लागतं, कधी खताच्या गोण्या, कधी ठिबकच्या नळ्यांची बंडलं. दोन इंच लिफ्ट करून घेतली आणि टायर घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला १७ इंची रिम घालून २८५/७० आर १७ आरामात बसतो. त्याने बसवून दाखवला, रिकाम्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून दाखवलं, कुठंच घासलं नाही, मी पैसे देऊन मोकळा झालो. आठ दिवसांनी मागे चौदा गोण्या टाकून बांध उतरत होतो, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलेलं, पुढचं चाक बांधाच्या पायथ्याशी दाबलं गेलं आणि खर्रकन आवाज आला. मागून चालत येणारा आमचा सालदार ओरडला, "दादा, हाई घासस!" उतरून बघितलं तर आतलं प्लास्टिकचं लायनर फाटलेलं, पत्र्याची धार उघडी पडलेली आणि टायरच्या खांद्यापासून साइडवॉलपर्यंत, म्हणजे बाजूच्या भिंतीपर्यंत, बोटभर चीर. साइडवॉलला पंक्चर काढता येत नाही, आठ दिवसांचा टायर बाद.

त्या दिवशी जे समजलं ते आधी सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. सस्पेन्शन लिफ्टमुळे गाडी उभी असताना चाकाच्या वर जागा जास्त दिसते, बरोबर आहे, पण चाक खड्ड्यात किंवा बांधावर पूर्ण वर दाबलं गेलं की ते आधी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जातं, बंपस्टॉपचं, म्हणजे चाकाचं वर येणं थांबवणारं, रबर खाली आणलं नसेल तर एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणजे टायरला खरी जागा किती आहे ते दाबलेल्या आणि वळवलेल्या चाकावरच कळतं, उभ्या गाडीवर नाही. लिफ्ट किती इंच आहे हा प्रश्नच टायरच्या बाबतीत दुय्यम आहे.

दुसरी गोष्ट, सस्पेन्शन लिफ्टने मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, वर जात नाही. तो ॲक्सलवर आहे, ॲक्सल चाकावर आहे. चाकोरीत मधला उंचवटा ज्या गोळ्याला घासतो त्याला फक्त मोठा टायरच वर उचलतो, आणि तो पण व्यास वाढला त्याच्या निम्मा. टायर ४० मिलिमीटरने मोठा तर डिफरन्शियल फक्त २० मिलिमीटर वर. हे कळलं की ३३ इंची टायरचा हट्ट जरा कमी होतो.

आधी आकडे काढा

साइडवॉलवर २५५/६० आर १८ लिहिलेलं असतं त्यात २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १८ म्हणजे रिम किती इंची. व्यास काढायला २५५ चे ६० टक्के १५३, वर-खाली दोनदा म्हणून ३०६, त्यात रिमचे १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७ मिळवा, झाले ७६३ मिलिमीटर, साधारण ३० इंच.

हाच हिशोब करून मी वहीत उतरवलेले आकडे असे. जुन्या व्ही-क्रॉसचा २४५/७० आर १६ म्हणजे ७४९. त्याच रिमवर २६५/७० आर १६ टाकला तर ७७७, पावणेचार टक्क्यांच्या आसपास मोठा, आणि २६५/७५ आर १६ टाकला तर ८०४, सव्वासात टक्के मोठा. १८ इंचीवाल्या गाडीला २६५/६० आर १८ केला तर ७७५, फरक जेमतेम दीड टक्का, आणि २६५/६५ आर १८ केला तर ८०२, पाच टक्के. १७ च्या रिमवर आलात तर २६५/७० आर १७ म्हणजे ८०३, आणि माझा तो २८५/७० आर १७ म्हणजे ८३१, जवळपास नऊ टक्के मोठा. टोयोटा हायलक्सच्या १७ इंची रिमवाल्या गाडीला कंपनीचाच टायर २६५/६५ आर १७ म्हणजे ७७६ चा येतो, त्यामुळे तिला २६५/७० आर १७ फक्त साडेतीन टक्क्यांनी मोठा पडतो. म्हणून हायलक्सवाल्या मित्राला बसला म्हणजे आपल्याला बसेल असं धरू नका.

माझं मत सांगतो, लिफ्ट असो नसो, साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत सहसा त्रास होत नाही. पाचच्या आसपास गेलात की मोजूनच घ्या. सातच्या पुढे गेलात की कापाकापी, लायनर गरम करून मागे दाबणं, बंपस्टॉप बदलणं हे आलंच. रोज कामाच्या गाडीला मी पाचच्या फार वर जाणार नाही, पुन्हा तर नाहीच.

मग गाडी बांधावर नेऊन मोजा

हे दुकानात होत नाही, शेतातच होतं, आणि आपल्याकडे बांधांना काय तोटा. जुने टायर असतानाच करा. एक पुढचं चाक बांधावर चढवा आणि त्याच्या तिरप्या विरुद्ध बाजूचं मागचं चाकही उंचावर येईल अशी जागा बघा, म्हणजे गाडी तिरपी होऊन ते पुढचं चाक पूर्ण आत दाबलं जातं. मागे नेहमीचं वजन टाका. हँडब्रेक, गिअर, बाकीच्या चाकांना दगड, हे सगळं केल्याशिवाय चाकाजवळ हात घालायचा नाही. मग एकाने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरायचं आणि दुसऱ्याने टायर आणि बाकी सगळ्यातलं अंतर मोजायचं: पुढे बंपरचा कोपरा, मागे लायनर आणि मडफ्लॅप, आतून चासी आणि वरचा कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा). मग पूर्ण उजवीकडे. मग दुसरं चाक चढवून परत तेच सगळं.

जिथं घासतं ते ठिकाण बहुतेक गाड्यांना एकच असतं, पुढच्या चाकाच्या मागची खालची बाजू, जिथं लायनरच्या मागे दरवाजाखालच्या पत्र्याची घडी असते. तिथं सगळ्यात कमी जागा सापडेल.

आता वजाबाकी करा. ७६३ वरून ८०३ वर जाताय म्हणजे चारी दिशांनी टायर २० मिलिमीटर मोठा होणार, रुंदी २५५ वरून २६५ म्हणजे दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर, आणि ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हीच्या, टायरचे खांद्याचे ठोकळे बाहेर आलेले असतात त्यामुळे तोच आकडा असला तरी हायवे टायरपेक्षा तो जागा जास्त खातो. कोपऱ्यात तुम्हाला ३५ मिलिमीटर जागा मिळाली तर उरली १५ ची. रस्त्यावर चालेल. पण आपली काळी माती विसरू नका! जुलै-ऑगस्टात कापसाच्या नाहीतर केळीच्या शेतात शिरलं की टायरवर गाऱ्याचा थर चढतो, तो पहिल्या दहा फेऱ्यांत सुटत नाही, आणि तोच थर लायनर ओढून काढतो. म्हणून ज्याची गाडी पावसाळ्यात शेतात जाते त्याने अंगठ्याएवढी तरी, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. डांबरी रस्त्यावरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

नवे टायर बसवल्यावर हीच परीक्षा परत घ्या, आणि या वेळी टायरच्या खांद्यावर खडू चोळा. जिथं लागलं तिथं पांढरा डाग पडलेला सापडेल, आवाजाची वाट बघायची गरज नाही.

रिम: १६, १७ की १८

मोठी रिम दिसायला भारी, मान्य, पण बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की रबर कमी होतं. कंपनीच्या २५५/६० आर १८ ला साइडवॉल १५३ मिलिमीटर आहे, २६५/७० आर १७ ला साधारण १८५. ते ३२ मिलिमीटर जास्तीचं रबर म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत रिम वाचण्याची शक्यता, आणि चिखलात हवा कमी करून चालवायची मुभा. २० इंची रिम या भागात घेऊच नये असं माझं ठाम म्हणणं आहे. १६ वाल्यांनी १६ च ठेवावी, उगाच रिमचा खर्च कशाला. १८ वाल्याला खर्च करायचाच असेल तर १७ वर यावं.

पण खाली येताना ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत मावतो का ते आधी बघा. दुकानदाराला सांगा टायर चढवायच्या आधी नुसती रिम हबवर लावून हाताने फिरव. कॅलिपर आणि रिममध्ये तीन-चार मिलिमीटर तरी सगळीकडे सुटले पाहिजेत, आणि बॅलन्सिंगचे चिकटवायचे शिसे आतून त्याच जागी येत नाहीत ना तेही बघून घ्या. एकदा टायर चढला की रिम परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

रिमचे बाकीचे आकडे असे बघा. नटांच्या भोकांचं माप व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोघींना सहा भोकं, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, हेच आहे, पण मधल्या मोठ्या भोकाचं माप गाडीगाडीला वेगळं असतं, ते हबवर नीट बसलं पाहिजे, सैल असेल तर बरोबर मापाची रिंग टाका नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसता. नटाची बैठक पण बघा, हायलक्सच्या कंपनीच्या अलॉयला सपाट वायसरचे नट येतात आणि बाहेरच्या बहुतेक अलॉयना निमुळत्या तोंडाचे लागतात. जुने नट नव्या रिमला लावले तर ते घट्ट झाल्यासारखे वाटतात पण बसलेले नसतात, चाक निघून जायची भीती असते, हे हलक्यात घेऊ नका.

आणि ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे. रिमवर ईटी लिहून आकडा असतो, तो जितका कमी तितकं चाक बाहेर. समजा कंपनीची रिम साडेसात इंच रुंद आणि ईटी ३० आहे, तुम्ही घेताय साडेआठ इंच रुंद आणि ईटी १०. ऑफसेटने चाक २० मिलिमीटर बाहेर गेलं, रुंदी एक इंच वाढली त्याचे निम्मे म्हणजे पावणेतेरा अजून बाहेर, असे रिमची बाहेरची कड जवळपास ३३ मिलिमीटर बाहेर आली आणि आतल्या बाजूला सातच मिलिमीटर सुटले. आता गंमत बघा, चाक बाहेर गेलं की वळताना ते मोठ्या कमानीत फिरतं, म्हणजे कंट्रोल आर्मला घासायचं थांबलं तरी त्या मागच्या पत्र्याच्या घडीला आणि बंपरला जास्त घासायला लागतं. वरून बेअरिंगवर ताण, खड्ड्यात स्टिअरिंगला झटका, आणि दारावर पूर्ण चिखल. २६५ च्या टायरला आठ इंची रिम पुरते, ऑफसेट २० ते ३० मध्ये असला की बस. चाक मडगार्डच्या बाहेर आलं की नाही ते बघायला गवंड्याचा ओळंबा लावा, मडगार्डच्या कडेवरून सोडला की टायर किती बाहेर आहे ते सरळ दिसतं. हब आणि रिमच्या मध्ये स्पेसरची चकती टाकून चाक बाहेर काढायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा, ओझं वाहणाऱ्या गाडीला तर मुळीच नको.

वजन पेलणार का

मापानंतर जे दोन-तीन आकडे आणि अक्षर असतं, ११२ एस वगैरे, तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. कंपनीच्या टायरपेक्षा लोड इंडेक्स कमी कधीच घ्यायचा नाही. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. समजा मागे १६०० किलो आले तर एका टायरवर ८००, आणि त्याच्या वर भरपूर हात राखून असलेला टायर निवडा, कारण बांधावर दोन चाकांचं वजन एकावर येतं.

मापाच्या आधी एलटी लिहिलेला टायर जाड पाट्याचा, दगडाला टिकतो, पण एकेक चाक चार-सहा किलो जड होऊ शकतं आणि तेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. कंपनीने दरवाजावर लिहिलेला आकडा त्याला तसाच लागू होत नाही, टायर कंपनीचा तक्ता बघून हवा ठरवा. दुकानात टायर तोलून बघा, मी भुसार दुकानातल्या काट्यावर जुनं आणि नवं चाक रिमसकट तोललं होतं, फरक बघून ॲव्हरेज का पडणार ते तिथंच कळलं.

नक्षी कोणती

ज्याचं निम्म्याहून जास्त चालणं धुळे-जळगाव हायवेवर आणि लळिंगच्या, कन्नडच्या घाटात आहे त्याने ऑल टेरेन घ्यावा, संपला विषय. मड टेरेन, म्हणजे खोल खाचांचा चिखलाचा टायर, फक्त त्याने घ्यावा ज्याला पावसाळ्यात रोज काळ्या रानात जायचंय. ऑल टेरेनच्या खाचा गाऱ्याने भरल्या की तो चकलीच्या पिठात फिरवलेल्या लाटण्यासारखा गुळगुळीत होतो हे खरं, पण मड टेरेन ओल्या डांबरावर ब्रेक मारताना घसरतो आणि कानाशी सतत घुंई चालू असते. तोरणमाळच्या सातपायरी घाटात भर पावसात उतरायचं असेल तर मला ऑल टेरेनच हवा.

टायरवर आयएसआय मार्क बघा आणि बनवल्याच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश होतं, पत्र्याच्या शेडमध्ये तीन उन्हाळे काढलेला टायर "नवीन" म्हणून घेऊ नका. आणि फोर बाय फोर गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, नाहीतर गिअरबॉक्सच्या मागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस मार खातो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. त्यामुळे लिफ्ट काय किंवा फार मोठे टायर काय, आधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारूनच, आणि उत्तर लेखी घ्या. सगळ्यात निर्धास्त माप म्हणजे तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतः जे देते ते. अपघात झाल्यावर क्लेम अडकला तर टायर किती भारी होते याचा उपयोग नाही.

बसवल्यावर

अलाइनमेंट करा, लिफ्टनंतर ती बिघडलेलीच असते, आणि नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर) नको, कॅम्बर-कॅस्टर (चाकांचे तिरपे कोन) पण बघून घ्या. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि शंभरेक किलोमीटरवर परत एकदा. इम्पॅक्ट गनने ठोकून सोडू देऊ नका.

हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा, दुपारी हायवेवरून आल्यावर वाढलेली दिसते म्हणून काढू नका. हवा बरोबर आहे का ते बघायला टायरच्या नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ डांबरावर शे-दीडशे मीटर चालवा. मधला खडू पुसला आणि कडेचा राहिला तर हवा जास्त, कडेचा पुसला आणि मधला राहिला तर कमी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला हे वेगवेगळं करा.

स्पीडोमीटरकडे लक्ष ठेवा. पाच टक्के मोठा टायर म्हणजे काट्याच्या अंदाजापेक्षा गाडी पाच टक्के जास्त पळते, मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. ॲव्हरेज काढतानाही तेच, मीटरवर ५०० किलोमीटर झाले तर खरे ५२५ झालेत, डिझेल ४५ लिटर लागलं तर ॲव्हरेज ११.१ नाही, ११.७ आहे. अर्धे लोक इथंच फसतात आणि टायरने ॲव्हरेज खाल्लं म्हणतात.

आता माझ्या गाडीला २६५/७० आर १७ आहे, आठ इंची रिम, ईटी २५. बांधावर, गोण्या भरून, खडू लावून तपासलाय, मागच्या कोपऱ्यात बावीस मिलिमीटर सुटतात.

स्टेपनी राहिली. पाचवा टायर पण त्याच मापाचा घ्या, आणि दुकानातून निघायच्या आधी तो हौद्याखालच्या साखळीवर स्वतः चढवून बघा, मोठा टायर तिथं कधी कधी मावत नाही किंवा एक्झॉस्टला टेकतो. जॅक पण तिथंच लावून बघा. लिफ्ट केलेल्या गाडीला कंपनीचा जॅक कमी पडतो, चाक जमिनीवरून सुटतच नाही. मी सीटमागे बाभळीची दीड फुटाची जाड फळी ठेवलीये, काळ्या मातीत जॅक खाली रुतत नाही आणि दोन इंच उंची पण मिळते.